आल्मेदाच्या खांद्यावरची जर्सी

पापा मुकालायला ओळखत नाही असा माणूस आमच्या लिकासी गावात शोधून सापडायचा नाही, आणि गेल्या डिसेंबरपर्यंत मुकालायला त्याचं मोठं कौतुक होतं. किबोको ह्या आमच्या फुटबॉल क्लबचं सगळं सामान त्याच्या ताब्यात. बूट, चेंडू, पाण्याच्या बाटल्या आणि मुख्य म्हणजे जर्सी. हिरवीगार जर्सी, छातीवर तोंड वासलेला पाणघोडा, म्हणजेच किबोको. मॅच संपली की खेळाडूनं अंगातली ओली जर्सी काढायची, मैदानाच्या कडेला पोतं उघडून उभ्या असलेल्या मुकालायच्या हातात द्यायची आणि मगच आत जायचं. जिंकून नाचत या, हरून रडत या, पण उघडे या. हा नियम आमच्या गावात पाद्रीबाबांच्या नियमांपेक्षा जास्त पाळला जाई.

नियमाला कारण होतं. क्लब आज आफ्रिकेचा विजेता झाला म्हणून लोकांना आठवत नाही, पण किबोकोकडे जर्सींचा एकच संच होता असा काळ आम्ही पाहिलाय. शनिवारी घातलेला तोच रविवारी. मधल्या वेळात मुकालाय आणि त्याची बायको ओनोरीन दोघं मिळून तो धुवायची आणि कोळशाच्या इस्त्रीनं वाळवायची. त्या काळात एकदा एक जर्सी गायब झाली. तेव्हाच्या सेक्रेटरीनं सगळ्या संघासमोर विचारलं, "काय पापा, घरी नेलीत की बाजारात विकलीत?" दोन दिवसांनी ती जर्सी गोलकीपरच्या पिशवीच्या तळाशी सापडली. सेक्रेटरीनं माफी काही मागितली नाही. तो प्रश्न मुकालायच्या मनात कायमचा रुतून बसला.

त्यात देओ नुंबी. मुकालायचा धाकटा भाऊ खाणीच्या खड्ड्यात गाडला गेला तेव्हा त्याचा मुलगा देओ पाऊलही टाकायला लागला नव्हता. आमच्याकडे भावाचा मुलगा म्हणजे आपलाच मुलगा. कुणी पुतण्या म्हणालं तर म्हाताऱ्या बायका अंगावर येतात. देओ मुकालायच्या घरी वाढला, ओनोरीनच्या हातचं मक्याच्या पिठाचं बुकारी खाऊन उंच झाला, पापाच्या मागं मागं मैदानावर गेला आणि तिथंच राहिला. आता तो क्लबचा नऊ नंबर होता. मुकालाय सगळ्यांशी कडक, देओशी दुप्पट कडक. बापानं पोराला सूट दिली असं कुणाच्या तोंडून यायला नको. लुबुंबाशीला एका मॅचनंतर समोरच्या संघातल्या मित्रानं देओकडे आठवण म्हणून जर्सी मागितली, तर मुकालायनं दोघांच्या मधोमध पोतं धरलं. देओ हसला आणि जर्सी पोत्यात टाकली. पोरगा गुणाचा.

मग ती स्पर्धा आली. प्रत्येक खंडाचा विजेता क्लब तिथं येतो आणि त्यांच्यातून जगाचा विजेता ठरतो. आखातातल्या एका शहरात होती, जिथं बाहेर भट्टी पेटलेली आणि आत स्वेटर घालावा अशी थंडी. किबोकोनं पहिली मॅच मारली आणि उपांत्य फेरीत समोर कोण, तर युरोपचा विजेता. त्यांच्यात आल्मेदा होता. लिकासीतल्या निम्म्या न्हाव्यांच्या भिंतीवर ह्या पोर्तुगीजाचं डोकं रंगवलेलं आहे. पोरं जाऊन सांगतात, असे कापा.

मॅचच्या सकाळी क्लबचे अध्यक्ष कितेंगे हॉटेलात सगळ्यांसमोर उभे राहिले. तांब्याच्या व्यापारावर गब्बर झालेला माणूस, पोट टेबलावर ठेवूनच बोलतो. "आज हरलात तरी चालेल," ते म्हणाले, "पण भिकाऱ्यासारखे हरू नका. आणि जर्सी बदलायच्या असतील तर खुशाल बदला. खोक्यानं आहेत. जगाच्या कपाटात पाणघोडा गेला पाहिजे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकालायनंही वाजवल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर त्याची बाजू घेणारे काही भले लोक म्हणाले की बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं. त्यानं नीट ऐकलं होतं.

मॅच चार-एक अशी हरलो. पण तो एक गोल देओचा होता. दोघांना चकवून, तिसऱ्याच्या पायांमधून असा काही चेंडू सारला की त्या थंडगार स्टेडियममधले शेख लोकसुद्धा उठून उभे राहिले. शिट्टी वाजली, आणि जे झालं ते लिकासीत प्रत्येकानं टीव्हीवर पाहिलं. आल्मेदा अर्धं मैदान ओलांडून चालत देओकडे आला. देओ त्याच्याकडे गेला नाही, तो देओकडे आला. त्यानं स्वतःची निळी जर्सी काढली, देओच्या हातात दिली आणि बोटानं पाणघोड्याकडे खूण केली, ही मला दे. आमच्या चौकातल्या बिअरच्या दुकानात म्हणे त्या क्षणी लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

मुकालाय आत जायच्या वाटेवर पोतं उघडून उभा होता. उभं राहायची गरज नव्हती, पण मॅच संपल्यावर हातांनी दुसरं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. सगळ्यांत आधी देओ आला. उघडा, घामानं चमकणारा, हातात निळी जर्सी.

"आपली कुठाय?" मुकालायनं विचारलं.

देओनं हसत हनुवटीनं दाखवलं. आल्मेदा पाठमोरा चालला होता आणि हिरवी जर्सी त्याच्या खांद्यावर टॉवेलासारखी पडली होती.

पुढचं मुकालायच्या पायांनी केलं. देओच्या हातातली निळी जर्सी हिसकून तो धावला. खांद्यावरची हिरवी ओढली. आल्मेदा दचकून वळला, तर ह्यानं निळी त्याच्या हातात कोंबली, बाजारात नासका टोमॅटो परत करतात तशी. ही तुझी, ही आमची, मिटला व्यवहार. मग देओकडे वळून, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर, घसा फाटेस्तोवर ओरडला, "क्लबचा माल वाटायला तुझ्या बापाची इस्टेट आहे का रे? घरी चल, मग बघतो तुला!" हिरवी जर्सी घडी करून पोत्यात टाकली आणि पोतं खांद्यावर मारून तो आत गेला. त्याला अगदी बरं वाटत होतं. वस्तू हातची गेली नव्हती.

आत गेल्यावर त्यानं पोतं जिथं टेकवलं तिथं खोकी होती. सकाळी त्यानंच रचून ठेवलेली. नव्या कोऱ्या जर्सी, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत, वरचं खोकं तर अजून उघडलंही नव्हतं. मुकालाय त्या खोक्यांकडे बघत राहिला. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं ते त्याला साठाव्या वर्षी कळलं. हिरवी जर्सी घेऊन पुन्हा बाहेर धावावं असं त्याच्या मनात आलं, पण तेवढ्यात दार उघडलं. खेळाडू एकेक करून आत येत होते. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. देओ बऱ्याच वेळानं आला आणि भिंतीकडे तोंड करून बूट सोडत बसला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या जगानं ते पाहिलं. कुणी त्याला गाणं जोडलं, कुणी त्याचा धावतानाचा भाग उलटसुलट फिरवला. सगळ्यांत जास्त फिरलं ते खाली लिहिलेलं एक वाक्य, 'आफ्रिकेच्या विजेत्यांकडे शर्ट एकच आहे.'

"जगाच्या दारात आमची लक्तरं टांगलीत तुम्ही, मुकालाय!" कितेंगे हॉटेलच्या व्हरांड्यात ओरडले. "अहो, मी खोकी भरभरून जर्सी आणल्या त्या काय तुम्हाला उशाला घ्यायला?"

मुकालाय खाली मान घालून उभा राहिला. चूक झाली, एवढंच म्हणाला.

"चोरी केली असती तर बरं झालं असतं," अध्यक्ष म्हणाले. "चोर सगळीकडे असतात. दरिद्री फक्त आम्हीच दिसलो."

पुढं तिसऱ्या क्रमांकाची मॅच झाली. ती जिंकली की हरली हे आज लिकासीत कुणालाही विचारा, आठवायचं नाही.

परतीच्या विमानात देओची जागा मुकालायशेजारी होती. देओनं ती गोलकीपरबरोबर बदलली. गावात ढोल, पिपाण्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. खेळाडू उघड्या ट्रकवर उभे होते. मुकालाय मागच्या सामानाच्या गाडीत पोत्यांच्या आड आडवा पडून आला, आणि तरी कुणीतरी ओरडलंच, "अरे ती गाडी बघा! पापा, आमचे शर्ट परत आणलेत का?"

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. तो बाजारात शिरला की मासळीवाल्या बायका एकमेकींना म्हणत, "अगं पदर सांभाळ, पापा आले!" मोटरसायकलवाले त्याला बघितलं की शर्टाची गुंडी लावून घेत. चर्चमध्ये शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ आली, तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या काझेम्बेनं उजवा हात पुढं केला आणि डाव्यानं स्वतःची कॉलर घट्ट धरली. पाद्रीबाबा खोकल्याचं निमित्त करून वळले. ह्या लोकांना मी ओळखतो, मनानं वाईट नाहीत. पण हसताना त्यांना थोडं दुखतही होतं, आणि ते दुखणं कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायचं होतं. आल्मेदाच्या घरात आज आमचा पाणघोडा असता. आता तिथं काही नाही, आणि का नाही ते सगळ्या जगाला ठाऊक.

मुकालायनं बिअरच्या दुकानात जाणं सोडलं. मग बाजार सोडला. क्लबमध्ये मागच्या वाटेनं जायचा. आरशात दाढी करताना त्याला स्वतःचा हात दिसायचा आणि हाच तो, असं वाटून किळस यायची.

पण हे सगळं त्यानं गिळलं असतं. गिळवेना ते देओचं. देओ घरी आलाच नव्हता. विमानतळावरून सरळ कप्तान क्युंगूकडे उतरला, म्हणाला, तिथून मैदान जवळ पडतं. सरावानंतर तो येई, ओली जर्सी काढून पुढं करी आणि म्हणे, "घ्या." नुसतं घ्या. पापा नाही. क्लबातला झाडूवालासुद्धा मुकालायला पापा म्हणतो, लिकासीत प्रत्येक पिकल्या केसाच्या माणसाला पापा म्हणतात, आणि ज्याचा तो खरोखर पापा होता त्याच्या तोंडून तेवढा एक शब्द गळून पडला होता. मुकालाय रोज पोतं उघडून उभा राही आणि तो शब्द येतोय का ते बघे. येत नसे.

"तुम्ही जाऊन माफी मागा," ओनोरीन म्हणाली. ती भाजीसाठी सोंबेची पानं कुटत होती आणि घाव जरा जास्तच जोरात बसत होते.

"बापानं पोराची माफी मागायची?"

"मग काय पोपची मागणार? पोपचा शर्ट ओढलात का तुम्ही?"

"मी क्लबचा माल राखला, ओनोरीन."

"राखलात. माझ्या घरातलं माणूस गेलं, तुमची जर्सी आहे. ती बसवा आता जेवायला."

मुकालायला राग आला, पण रागावून जाणार कुठं? बाहेर सगळा गाव हसत बसलेला. तो तिथंच बसला आणि त्यानं विचारलं, "काय म्हणू मी त्याला?"

"चुकलो म्हणा. दोन अक्षरं कमी पडली तर रडा."

रविवारी प्रार्थना संपल्यावर तो मागच्या गल्लीनं क्युंगूच्या घरी गेला. चालताना वाक्यं जुळवत होता. मी चुकलो, बाळ. तुझ्या आयुष्यात असा दिवस एकदाच येतो आणि तो मी पोत्यात घातला. अध्यक्षांना सांगून ती जर्सी त्या आल्मेदाला पाठवायला लावतो. शेवटच्या वाक्यावर त्याचा स्वतःचाही विश्वास नव्हता, पण ते म्हणायचं ठरवलं होतं.

देओ अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर मिठाच्या पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला होता. घोटा सुजलेला. क्युंगूनं मुकालायला बघितलं आणि घाईघाईनं उठला. "पापा, बसा, बसा. मी जरा बर्फ बघून येतो," म्हणाला आणि गेला. समजूतदार माणूस. तो दुपारपर्यंत बर्फच शोधत राहिला.

मुकालाय बसला. देओ पाण्याकडे बघत होता.

"फार दुखतंय?"

"नाही."

"देओ, मी चुकलो." रस्ताभर जुळवलेलं सगळं कुठं गेलं ते कळेना. "मला माहीत होतं खोकी भरलेली आहेत. तरी धावलो. का धावलो, देवाशप्पथ, सांगता येत नाही. तू मला चार शिव्या दे, पण असा गप्प राहू नकोस. आई जेवत नाही नीट."

देओनं मान हलवली. "मी त्यावरून नाही गप्प."

"मग?"

"जर्सीचं जाऊ द्या. मला राग आला होता, खरंय. हॉटेलात पोहोचेपर्यंत गेला. तुम्ही तसेच आहात, मला काय नवीन?" बादलीतला पाय त्यानं वर काढला आणि पुन्हा आत सोडला. "तुम्ही आत गेल्यावर तो आला माझ्याकडे. आल्मेदा. तो फ्रान्समध्ये खेळलाय, आपल्यासारखं फ्रेंच बोलता येतं त्याला. हसत होता. चिडला नव्हता अजिबात."

"काय म्हणाला?"

"विचारलं, हे तुझे वडील का? म्हणाला, भाषा कळली नाही, पण असं फक्त बापच ओरडतो."

मुकालायच्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं. पंधरवड्यात पहिल्यांदा. "मग तू काय सांगितलंस?"

देओ रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसा नाही, नाक ओढत, लहानपणी रडायचा तसा. "मी म्हणालो, नाही. मी ह्यांना ओळखत नाही. कुणीतरी कामगार आहेत, म्हणालो. तिथं कॅमेरे होते, सगळे हसत होते, माझ्या तोंडून निघून गेलं. त्यानं तुम्ही गेलात त्या दाराकडे बघितलं आणि म्हणाला, मला वाटलं वडील असतील, हात मिळवला असता. मी त्याला म्हणालो, चला, उशीर होतोय. मग मी तुमच्यासमोर कसा बसू? कोणत्या तोंडानं जेवू तिथं?"

अंगणात एक कोंबडी बादलीभोवती फिरत होती. मुकालायनं तिला हाकललं, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं. माफी मागायला आलेला माणूस माफ करायची तयारी करून येत नाही. सगळ्या गावाचं हसणं त्यानं पाठीवर घेतलं होतं, अध्यक्षांच्या शिव्या घेतल्या होत्या, आणि ते सगळं मिळूनही ह्या एका वाक्याएवढं जड नव्हतं. आणि तरी त्याला देओची चीड येईना. त्याला दिसत होतं ते एवढंच, की बाप म्हणून सांगायची लाज वाटावी असा बाप त्या दिवशी त्या दारातून आत गेला होता, पोतं खांद्यावर टाकून, स्वतःवर खूश होऊन.

"बरोबर सांगितलंस," तो म्हणाला. "सामान सांभाळणारा माणूस मी. खोटं काय त्यात?"

"असं बोलू नका."

"नाही, खरंच. मी असतो तर मीही तेच..." पुढचं त्याला जमेना. खोटं बोलायची सवय नव्हती. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "येतो मी. आई वाट बघत असेल. पाय शेकत राहा."

तो फाटकाशी पोहोचला. मागं बादली कलंडल्याचा आवाज झाला, पाणी जमिनीवर पसरलं.

"पापा!"

इतके दिवस ज्या हाकेसाठी तो पोतं उघडून उभा राहिला होता ती हीच. तो फाटक धरून तसाच पाठमोरा उभा राहिला. देओ सुजलेल्या पायानं लंगडत येत होता, आणि वळून त्याच्याकडे बघायची मुकालायला लाज वाटत होती.